पाळणूक कोणी मोडली

आमच्या गावात पेरणीआधी आठवडाभर कोणी मोठ्यानं बोलत नसे, आणि या गोष्टीचा गावाला फार गर्व होता. धर्माबादच्या बाजारात मिरची घेऊन गेलेला आमचा माणूस तिथल्या अडत्यालाही ऐकवून यायचा, की आमच्याकडं बघा, मृगाच्या तोंडावर आठवडाभर शिवी नाही, भांडण नाही, कुत्र्यालासुद्धा कोणी हाड म्हणत नाही. अडत्या मान डोलवायचा आणि मिरचीचा भाव पाडायचा. या आठवड्याला आम्ही पाळणूक म्हणायचो. शिवेवरच्या लिंबाखाली आईचं, म्हणजे गावदेवीचं ठाणं होतं, म्हणजे शेंदरानं माखलेले दगड आणि पुढं मातीचा ओटा. त्या आठवड्यात आई ठाण्यावरून उठते, रानात येऊन बसते, आणि तिनं मांडी घातली की जमीन बी धरते, अशी समजूत होती. गावात कोणाचा आवाज चढला की आई बिचकते आणि शिवेपलीकडं निघून जाते. मग पेरलेलं उगवत नाही. पटकीच्या साथीतून गाव वाचवणारी आई एका आरोळीला एवढी कशी घाबरते, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. विचारायची सोय नव्हती.

पाळणूक बसली की गाव एखाद्या आजाऱ्याच्या खोलीसारखं व्हायचं. बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबत. आडाच्या रहाटाला तेल घालत. गिरणी बंद, उखळ बंद, पाटा पालथा. बायका बांगड्या वर सारून दोऱ्यानं दंडाशी बांधून ठेवत, आणि पोर रडलं की त्याच्या तोंडात गुळाचा खडा जायचा. चुलीवर तवा ठेवायचा नाही. भाकरी थापल्याचा आवाज होतो म्हणून, असं कोणी सांगायचं. दुसरं कोणी सांगायचं, की आईला तव्याचा चटका सोसत नाही. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि दोघंही सारख्याच खात्रीनं बोलायचे. मग आठवडाभर ज्वारीच्या कण्या, उकडलेल्या घुगऱ्या आणि आंबील. माय गाडग्यात ज्वारीचं पीठ आंबवायची, ताक घालून शिजवायची, आणि लसूण ठेचायचा नाही म्हणून विळीवर बारीक चिरून घालायची. ती आंबट, दाट आंबील मातीच्या वाटग्यातून प्यायला मला फार आवडायची. त्या आठवड्यातली माझ्या आवडीची तेवढी एकच गोष्ट होती.

भांडणं मात्र थांबत नव्हती. ती बारीक आवाजात व्हायची. आमच्या शेजारचे दोन चुलतभाऊ बांधावरून वर्षभर ओरडून भांडायचे. पाळणुकीत ते एकमेकांच्या कानाला लागून भांडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सोयरीक जुळवून राहिले. "तुझ्या बापाचा हाय का बांध?" हे एखादं गुपित सांगावं तसं एक जण सांगायचा, आणि दुसरा तेवढ्याच मऊपणानं त्याची आई-बहीण काढायचा. आईला ऐकू गेलं नाही म्हणजे झालं. पाळणूक म्हणजे शांतता आणि शांतता म्हणजे आवाज नसणं, एवढं त्यांनी धरलं होतं. त्याच्या पुढं कोणाची अक्कल गेली नव्हती.

आता साठी ओलांडल्यावर मी हे लिहिते आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीही सुनेच्या हट्टानं, डोकं पांढरं झाल्यावर. सिटी बसनं कॉलेजात जाते, नातीच्या वयाच्या पोरींमध्ये बसते, त्या मला मावशी म्हणतात. मला नीट लिहिता येतं का, हे मला ठाऊक नाही. जिथं मला राग आहे तिथं तो झाकता येत नाही, एवढं कळतं. झाकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही.

आमचं घर माळवदाचं. घरात आबा, माय, माझा थोरला भाऊ दिगंबर, त्याची बायको सुभद्रा म्हणजे वहिनी, त्यांची नुकती चालायला लागलेली छबू, आणि लग्नाची राहिलेली मी. दादा पाळणुकीचा मोठा भक्त होता. आठवडा लागायच्या आधी गावभर फिरून घंटांत चिंध्या आहेत का, हे तो स्वतः तपासायचा. शिंक आली तर तोंडात उपरणं कोंबून गोठ्याच्या मागं पळायचा. "दिगंबरसारखं पाळावं," असं लोक म्हणायचे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत याच दिगंबरचा आवाज आडावर पाणी भरणाऱ्या बायकांना ऐकू जायचा आणि त्या आमच्या वहिनीकडं न बघता घागरी उचलायच्या; पण त्या दिवसांचा हिशेब आईकडं नव्हता.

वहिनी इस्लापूरकडची. सहस्रकुंडच्या धबधब्याजवळ तिच्या बापाचं रान होतं. तिथं पावसाळ्यात पाण्याच्या आवाजात एकमेकांना ओरडून बोलावं लागतं, म्हणून तिचा आवाजच मोठा होता. हसणं त्याहून मोठं. मायला ते खपायचं नाही. "धबधब्याच्या गावची हाय, हिला बारीक बोलनं कुठून येईन?" असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. वहिनीला त्याचा राग नव्हता. "आत्याबाई, मी हळू बोलले तर तुमच्या गावच्या लोकायला वाटंल, काई लपवून राहिली," असं ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. पाळणुकीत ती हातवारे करून बोलायची. कण्या संपल्या, शेळी सुटली, सासूबाई चिडल्या, हे सगळं ती बोटांनी आणि भुवयांनी असं सांगायची, की मला तोंडात पदर कोंबून परसात पळावं लागायचं.

त्या साली पाळणुकीचा एकच दिवस राहिला असताना, दुपारी वहिनी आडावरून पाणी घेऊन आली. घागर उतरवताना छबू पायात आली. पोरीला वाचवायला वहिनीनं एक हात सोडला आणि पितळी घागर ओट्याच्या दगडावर पडली. केवढा आवाज झाला! घागर गडगडत दारापर्यंत गेली. शेजारच्या माळवदावर वाळवण हलवणारी बाई उभी राहून आमच्याकडं बघायला लागली. दादा आतून आला. त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं, कोण कोण बघतंय ते. मग वहिनीच्या दंडाला धरून तिला गोठ्यात नेलं. मी छबूला कडेवर घेऊन मागं गेले. दादानं कुडातली पराणी काढली, बैल हाकायची, टोकाला लोखंड असलेली काठी. लोखंडाचं टोक स्वतःकडं धरलं आणि दांड्यानं मारायला लागला. एक दंडावर, एक पाठीत. मारताना त्यानं दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या तोंडावर ठेवलं होतं. आवाज करू नको, असं तो तिला खुणावत होता. त्याच्या डोळ्यांत राग होता की काळजी, हे मला आजही सांगता येणार नाही. पाळणूक मोडेल याची त्याला खरोखर काळजी वाटत होती. तिसरा दांडा कोपराच्या हाडावर बसला आणि वहिनी ओरडली. एकदाच. गावाच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या ठाण्यापर्यंत ते ऐकू गेलं असं नंतर सगळ्यांनी सांगितलं, आणि सांगताना कोणीही असं म्हटलं नाही, की आम्हाला वाटलं कोणाला तरी काय झालं, म्हणून आम्ही धावलो.

दिवस कलायच्या आत गावकी बसली. आईच्या ओट्यापुढं पुरुष बसले, बायका लांब उभ्या. भुजंगराव पाटील मधे. त्यांच्या शेजारी किराणा दुकानवाले अप्पा, कपाळावर भस्म लावून, देवाधर्मातलं जास्त कळतं म्हणून बोलावलेले. सगळे कुजबुजत होते. ती सगळी कुजबूज मिळून एखादं पोळं हलल्यासारखा आवाज येत होता.

"कोन वरडलं?" पाटलांनी विचारलं.

"दिगंबरची बायको," कोणीतरी म्हणालं.

माझ्या बाजूला उभी असलेली एक म्हातारी पुटपुटली, "तिला मारलं म्हून वरडली की."

पाटलांनी हात वर केला. "कुनी मारलं ते इचारून नाही राहिलो मी. आपल्या घरात कोन काय करतंय ते आई बगत न्हाई. आवाज कुनाचा चढला, एवढंच सांगा."

दादा उठला. हात जोडून, इतक्या हळू बोलला की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. "म्या शब्द काढला न्हाई. घागर पडली तवा बी न्हाई, मंग बी न्हाई. पायजे तर माझ्या भैनीला इचारा, ती तिथंच होती."

पाटील माझ्याकडं वळले. "बोल गं. दिगंबर वरडला का?"

"न्हाई," मी म्हणाले, "पर त्यानं—"

"बास. न्हाई म्हनली ती."

अप्पा मान हलवत राहिले. "दिगंबरनं पाळलं," ते म्हणाले. "राग आलेला असताना पाळलं, हे लई मोटं हाय. राग आला की मानसाचं तोंड सुटतंच. ह्यानं सुटू दिलं न्हाई." आणि त्या बसलेल्या माणसांनी दादाकडं कौतुकानं बघितलं. मी हे वाढवून लिहीत नाही. हातात पराणी घेतलेल्या माणसाचं त्यांनी संयमासाठी कौतुक केलं. आबा, माझे वडील, मातीत काडीनं रेघा ओढत होते. माय वहिनीला म्हणाली, "एवढं काय झालं वं वरडायला? आमी न्हाई का खाल्ला मार? कदी कुनाला कळू दिलं का?" तिच्या बोलण्यात गर्व होता. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

गेल्या वर्षी कॉलेजात सरांनी आफ्रिकेतल्या इग्बो लोकांबद्दल सांगितलं. याम नावाचा मोठा कंद ते लावतात, आणि त्या लावणीआधी ते एक आठवडा शांततेचा पाळायचे. त्या आठवड्यात कोणाला कडू बोलायचं नाही, कोणावर हात उचलायचा नाही, कारण त्यानं धरणीमातेचा अपमान होतो आणि सगळ्यांचं पीक जातं. मोडणारा कितीही मोठा शेतकरी असला तरी त्याला तिच्या पुजाऱ्यापुढं दंड भरावा लागे. माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "मावशी, आपल्याकडच्यासारखंच की." मी हाव म्हणाले, पण पुढचं मला काही ऐकू आलं नाही. त्या लोकांचं मला एका तासाइतकंच ठाऊक. त्यांच्यातही पळवाटा असतील, त्यांच्यातही पाटील असतील. पण निदान नियम करताना त्यांनी माणसाच्या हाताकडंही बघितलं होतं. आमच्या लोकांनी फक्त घशाकडं बघितलं.

आमच्याकडं मोडणाऱ्याला फेरी करावी लागायची. सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या कपड्यानं, आंबिलीचं मडकं घेऊन त्यानं गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापुढं उभं राहायचं. घरच्या कर्त्या पुरुषानं बाहेर यायचं. मोडणाऱ्यानं काय झालं, कसं झालं, ते त्याला जसंच्या तसं सांगायचं, कारण जसं तुटलं तसं सांगितलं तरच सांधतं, असं म्हणायचे. सांगणं पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्यानं मधे बोलायचं नाही. मग त्यानं ओंजळीत आंबील घ्यायची, प्यायची आणि म्हणायचं, "आई बसली." एक घर जरी राहिलं तरी फेरी फुकट, आणि फेरी झाल्याशिवाय गावात कोणाचीही पेरणीची तिफण रानात जायची नाही. तोवर मी पाहिलेल्या फेऱ्या दारुड्यांच्या होत्या. ते "चुकी झाली" एवढंच म्हणायचे, लोक हसून आंबील प्यायचे.

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "मी न्हाई करनार फेरी. मी काय केलं?"

दादानं कंदिलाची वात सारखी करता करता, तसल्याच मऊ आवाजात सांगितलं, "नको करू. उद्याच्या गाडीनं इस्लापूरला जा. छबू इथंच राहीन."

छबू तिच्या मांडीवर झोपली होती. वहिनीनं आबांकडं बघितलं. आबा उठून बाहेर गेले. मायकडं बघितलं. माय म्हणाली, "पोरगी आमच्या घरची हाय." मग वहिनी बराच वेळ छबूच्या केसांतून डावा हात फिरवत बसली. उजवा कोपर सुजून केवढा झाला होता. "करते," ती म्हणाली.

फेरी करणाऱ्याबरोबर घरच्या एका बाईनं पाण्याचा तांब्या आणि लिंबाचा डहाळा घेऊन चालायचं असतं. मी गेले. वहिनीनं मडकं डाव्या कमरेवर घेतलं. ओल्या लुगड्याचं पाणी तिच्या मागं रस्त्यावर ठिबकत होतं. पहिला उंबरा पाटलांचा. भुजंगराव धोतर सावरत बाहेर आले, मागं दाराआड त्यांच्या सुना. त्यांनी लगेच ओंजळ पुढं केली.

वहिनीनं मडकं वाकवलं नाही. ती बोलायला लागली. आयुष्यात ती इतक्या हळू कधी बोलली नसेल, पण एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता.

"काल दुपारी माझ्या हातून घागर पडली. तवा दिगंबर मला दंडाला धरून गोठ्यात घेऊन गेला."

दाराआडच्या बायकांनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. उखाण्यात घ्यायची, तेही लाजून, आणि तिथंही असं एकेरी नव्हे.

"दिगंबरनं बैलाच्या पराणीनं मला मारलं. पयला दांडा हितं." तिनं ओला पदर सरकवून दंड दाखवला. "दुसरा पाठीत. मारताना त्यानं तोंडावर बोट ठिवलं होतं. तिसरा कोपरावर मारला. मला सोसलं न्हाई. मी वरडले. पाळनूक मोडली."

पाटलांची ओंजळ तशीच पुढं होती. ती आता जरा खाली आली होती. त्यांना रागावायचं होतं, हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. पण रागावणार कोणत्या आवाजात? वहिनीनं ओंजळीत आंबील ओतली. ते प्यायले, आणि "आई बसली" म्हणून इतक्या लगबगीनं आत वळले की त्यांचा पाय चौकटीला लागला. कळवळले, पण ओरडले नाहीत. तेवढं त्यांनी पाळलं.

पुढच्या उंबऱ्यावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. वहिनीनं एक शब्द कमी केला नाही, एक वाढवला नाही, रडली नाही. बायका आता दाराआडून पुढं यायला लागल्या होत्या. एका घरचा कर्ता मधेच म्हणाला, "हाव, हाव, कळलं," तर त्याची म्हातारी आई मागून फिसकारली, "मधी बोलू नगं मुडद्या, मोडंल!" एका घरी नवरा ऐकत असताना बायको त्याच्याकडं बघत होती, वहिनीकडं नाही. त्या माणसानं आंबील पिताना अर्धी अंगावर सांडली. आणखी एका घरी सून बाहेर आली, तिनं वहिनीच्या सुजलेल्या कोपरावर हळदीचा हात ठेवला आणि आत गेली.

अप्पा हुशार. ते दुकानाच्या पायरीवर आधीच तयार उभे होते. "लेकरा, मला समदं ठावं हाय," ते म्हणाले, "काल मी तिथंच होतो. दे आंबील, बसू दे आईला."

"अप्पा, आदी आयकायचं असतंय," वहिनी म्हणाली. "तुमीच सांगता दरसाली."

अप्पांना ऐकावं लागलं. दुकानात मीठ घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या, त्यांनीही ऐकलं.

निम्मं गाव झालं तेव्हा पाटलांचा निरोप घेऊन एक माणूस मागून आला. तो आमच्याबरोबर चालत बोलायला लागला, वहिनीच्या कानाशी. "पाटील म्हने, र्‍हायलेल्या घरी नुसतं चुकी झाली म्हन. एवढं समदं कामून सांगून राहिली?"

वहिनी थांबली. "अन सांधलं न्हाई तर? मानसायचं पेरलेलं उगवलं न्हाई, तर कुनावर येईन ते? पाटलावर येईन का?"

तो माणूस परत गेला. पुन्हा कोणी आलं नाही. मला आता वाटतं, त्या क्षणी ते सगळे अडकले. तिला गप्प करायचं तर आपणच आपली रीत मोडायची, आणि न करावं तर ती पुढच्या उंबऱ्यावर पोचते आहे. आदल्या दिवशी या रीतीपुढं ज्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, त्यांनाच आज ती घशात अडकलेल्या हाडासारखी झाली होती. हल्ली आमच्या गावाचा मोबाइलवर गट आहे. दरसाल पाळणुकीत तिथं आईच्या ठाण्याचे फोटो येतात, खाली कोणीतरी लिहितं, "शांततेची परंपरा जपणारं आपलं गाव." त्यात दादाच्या नातवाचाही अंगठा असतो. मी काही लिहीत नाही. एकदा लिहायला घेतलं होतं, पुसून टाकलं.

शेवटचा उंबरा आमचाच. पाळणूक मोडणाऱ्याच्या घरी फेरी संपते, आणि तिथंही कर्त्या पुरुषानं बाहेर येऊन ऐकावं लागतं. आबा रानात निघून गेले होते, म्हणजे राहिला दादा. दादा आत पांघरूण डोक्यावर घेऊन पडला होता. सकाळपासून गावातून काय काय त्याच्या कानावर येत होतं कोण जाणे. वहिनी उंबऱ्यापुढं उभी राहिली. वाट बघितली. लुगडं अंगावर वाळलं होतं. मडक्यात तळाला आंबील होती. मी दाराशी जाऊन म्हणाले, "दादा, फेरी आली." पांघरूण हललं नाही.

हळूहळू लोक जमले. पेरणीला जमीन तयार, बी तयार, आणि एका घरची आंबील राहिली म्हणून सगळं गाव खोळंबलेलं. शेवटी पाटील आणि अप्पा आले. आदल्या दिवशी दादाच्या संयमाचं कौतुक करणारे हे दोघे आता आमच्या खिडकीशी वाकून, तोंडाला हाताचा आडोसा करून त्याला विनवत होते.

"दिगंबर, ये बाबा भाईर."

"मी न्हाई येनार. ती माझी अब्रू घालवून राहिली."

"अरे रीत हाय."

"कसली रीत? बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची?"

"ते मंग बगू. आदी आंबील घे. दोन घोट हायत रे."

"तुमी आयकलं म्हून तिला जोर आला!"

"हळू बोल!" पाटील आणि अप्पा एकदमच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली ती मी विसरणार नाही. दादाचा आवाज चढू लागला होता. आणखी थोडा चढला असता तर फेरी त्याला करावी लागली असती, दारोदार, जसं झालं तसं सांगत. हे त्याच्याही लक्षात आलं असावं. पांघरूण बाजूला झालं. तो बाहेर आला.

वहिनीनं त्याला सगळं सांगितलं. गावाला जसं सांगितलं होतं, त्याच शब्दांत. "दिगंबरनं मला मारलं," असं तिनं दिगंबरलाच सांगितलं, जणू तो कोणी परका घरधनी होता आणि त्याला ही बातमी नव्यानं कळत होती. तो तिच्या पायांकडं बघत उभा होता. तिचं पुरं झालं. त्यानं ओंजळ केली. तिनं मडकं शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. तो प्यायला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"आयकू आलं न्हाई," वहिनी म्हणाली.

पाटलांनी मान खाली घातली.

"आई बसली," दादा म्हणाला.

वहिनीनं मडकं माझ्या हातात दिलं, ओट्यावर खेळणाऱ्या छबूला डाव्या हातानं उचलून कमरेवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत घरात गेली. गाव पांगलं. दुसऱ्या दिवशी तिफणी रानात गेल्या.

वहिनी त्या घरातच राहिली आणि छबू तिच्याजवळ वाढली. तिला इस्लापूरला धाडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. दादानं नंतर कधी हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला, पण आधी दार लावून घ्यायला लागला, आणि पूर्वीइतका नाही. तिचा कोपर पुरता सरळ झालाच नाही. आजही पोळी लाटताना तो हात जरा बाहेर राहतो.

पुढच्या साली पाळणूक बसायच्या आधी गावकी जमली आणि फेरीची रीत बदलली. मोडणाऱ्यानं आंबील आईच्या ओट्यावर ठेवावी, नमस्कार करावा आणि घरी जावं. दारोदार फिरायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. कारण काय दिलं, तर लोकांचा पेरणीचा खोळंबा होतो. घंटेतली एक चिंधी हलवायला जी माणसं तयार नव्हती, त्यांनी वाडवडिलांपासून चालत आलेली रीत चहा निवायच्या आत मोडीत काढली, आणि कोणाची आई बिचकली नाही. आबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी कण्या निवडत होती. ती हसली, पाळणूक अजून बसायची होती म्हणून तिच्या नेहमीच्या आवाजात, आणि मला म्हणाली, "कमल, बग. मला वाटलं होतं, कुनी आयकलंच न्हाई."